आजाऱ्याची कडी

साताऱ्यात बंदर आहे असं मी सांगितलं की आमच्या सांगलीतले लोक हसतात. हसू देत. धरणाच्या पाण्याला किनारा असतो, किनाऱ्याला होड्या लागतात आणि पलीकडच्या सात गावांना दवाखाना, बाजार, शाळा, एसटी, सगळं त्या होडीतूनच गाठावं लागतं. मग त्या जागेला बंदर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? सरकारी कागदात 'जेट्टी व लगतचे क्षेत्र' असं लिहितात. तो कागद मीच लिहिलेला आहे, म्हणून मला माहीत. उंबरकोंडची माणसं मात्र बंदरच म्हणतात, आणि त्या बंदराचे कर्ते म्हणजे सुभेदार ज्ञानोबा सकपाळ.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सुभेदार गेले. त्यांच्यावर चाललेला खटला त्यामुळे बंद झाला. निकाल लागला नाही, नुसता बंद झाला. सरकारी कामात अडथळा आणला आणि सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं, हा आरोप अंगावर घेऊनच तो माणूस गेला. तो आरोप ज्या करारनाम्यावर उभा होता तो मी टाइप केलेला. मला राग येतो. दात घासताना येतो, जेवताना येतो, बँकेच्या रांगेत उभं असताना येतो. बायको म्हणते, आता सोडा. कसा सोडू?

मी पाटबंधारे खात्यात लिपिक होतो. सांगलीचा माणूस, बदली झाली ती थेट त्या डोंगरात. पहिल्याच आठवड्यात जेट्टीचं क्षेत्र तपासायला खात्याच्या होडीतून निघालो. उंबरकोंडला पोचलो तेव्हा एप्रिल होता, पाणी खूप खाली गेलेलं. किनाऱ्याला सगळीकडे गुडघाभर चिखल, आणि होड्या त्या चिखलाच्या कडेला दाटीवाटीनं लागलेल्या. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र दगडी पायऱ्यांना लागून स्वच्छ खोल पाणी होतं. वर एक लोखंडी कडी, तांबड्या रंगानं रंगवलेली, आणि तिला एकही होडी बांधलेली नाही. मी नावाड्याला म्हटलं, तिथं घे की. नावाडी घुटमळला. तेवढ्यात वरून आवाज आला.

"कोण आजारी हाय?"

वर बघितलं तर एक उंच, सडसडीत म्हातारा. खाकी हाफपँट, पांढरा बनियन, पायात कॅनव्हासचे बूट, गाल गुळगुळीत. मी म्हटलं, "कुणी नाही. मी पाटबंधारे ऑफिसातला."

"मग त्यो आजार हितं चालत न्हाई. बाजूला घ्या."

नव्या बुटांसकट मी चिखलात उतरलो. वर गेल्यावर त्यांनी बादलीभर पाणी दिलं, स्वतःच्या हातानं माझ्या पायांवर ओतलं आणि कडीची गोष्ट सांगितली. धरण व्हायच्या आधी नदीचा डोह त्या कोपऱ्याला लागून होता. त्यामुळे भर मे महिन्यातही तिथलं पाणी हटत नाही. पलीकडून बाळंतपणाची बाई निघाली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, कुणी झाडावरून पडलं, की ती होडी थेट त्या पायऱ्यांना लागते. पायऱ्यांवरून जीप हाकेच्या अंतरावर. म्हणून ती जागा कायम मोकळी. लग्नाचं वऱ्हाड असो नाहीतर मंत्री, त्या कडीला दोरी लागायची नाही. कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळे पाळत होते.

सुभेदारांनी सैन्यात पूल बांधणाऱ्या पलटणीत आयुष्य काढलं होतं. निवृत्त होऊन पलीकडच्या आपल्या गावी आले आणि होडीवाल्यांच्या संस्थेचे चेअरमन झाले. जेट्टी संस्थेकडे तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं होती. चेअरमन म्हणजे खुर्चीत बसणारा, अशी आपली समजूत. हे गृहस्थ सकाळी सहाला दाढी करून धक्क्यावर हजर. प्रत्येक होडी सुटायच्या आधी मागून पुढं जायचे आणि एकेकाच्या खांद्याला हात लावून मोठ्यानं मोजायचे. एक, दो, तीन, हिंदीत. वीस झाले की हात वर. एकविसावा सख्खा जावई असला तरी खाली.

एका रविवारी आमचे उपअभियंता साहेब बायको-मुलांसह फिरायला आले आणि भरलेल्या होडीत जाऊन बसले. सुभेदारांनी मोजलं. चोवीस.

"साहेब, चार डोकी जास्त हायती. उतरा."

साहेब हसले. "अहो, जेट्टी कुणाची? आमच्याच खात्याची ना?"

"जेट्टी तुमची, व्हय. पाण्याला हुद्दा कळत न्हाई."

साहेब उतरले. पुढच्या होडीनं गेले, हसतमुखानं गेले. पण मी त्यांच्या हाताखाली काम करत होतो, मला ते हसू ओळखता येत होतं. ते त्यांनी जपून ठेवलं.

माझं आणि सुभेदारांचं जमलं ते भडंगामुळं. सुट्टीहून येताना मी सांगलीचं भडंग आणायचो. ते मूठभर तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "तुमच्या गावात पूर येतो खरा, पर त्यापायी हे सोडून कोण जाईल?" मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. सांगलीकर. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. ही गोष्ट मी एकदाच बोलता बोलता सांगितली असेन. पलीकडच्या गावात मोजणीला गेलो की उन्हं कलायच्या आत होडी तयार. शंकर नावाडी कुरकुरला, की अजून चार माणसं यायची आहेत, तर सुभेदार म्हणायचे, "त्यास्नी दुसरी होडी हाय. सांगलीकर उपाशी ऱ्हातील रं." माझ्या ऑफिसात नऊ वर्षांत कुणाला ही गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटली नाही.

आता जलपोलिसांचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. पाण्याकाठी पर्यटक वाढले तसे बाहेरचे लोक बोटी घेऊन आले. संस्थेचे नियम त्यांना लागू नाहीत. माणसं कोंबायची, दारू पाजायची, भर पाण्यात नाचवायची. एका दुपारी त्यातली एक बोट उलटली. दोन पोरं बुडाली, शिकणारी. बाहेर काढली ती संस्थेच्या माणसांनी. त्यांचे आईबाप येईपर्यंत सुभेदार त्या दोघांच्या उशाशी टोपी काढून बसून होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अर्ज लिहायला घेतला. बंदरावर पोलीस पाहिजेत, त्यांची लाँच पाहिजे, या बोटींना आळा घातला पाहिजे. अर्जाची भाषा पलटणीतली, शेवटी 'आपला आज्ञाधारक'. असे कितीतरी अर्ज माझ्या टेबलावरून वर गेले आणि वरच राहिले.

आणि मग एकदम मंजुरी आली. जलपोलीस चौकी आणि एक लाँच. चौकीला जागा म्हणजे संस्थेच्या भाडेपट्ट्यातलं क्षेत्र कमी करून पूरक करार करायचा. मोजणीदार आला तो ऑक्टोबरात. धरण काठोकाठ भरलेलं, सगळा किनारा सारखाच दिसतोय. त्यानं पाहिलं, सगळीकडे होड्या, एक कोपरा रिकामा. नकाशावर त्या कोपऱ्यावर रेघा मारल्या आणि लिहिलं: 'रिकामी, विनावापर.'

विनावापर. सात गावांनी जिवापाड जपून रिकामी ठेवलेली जागा, म्हणून विनावापर.

सुभेदार ऑफिसात आले. साहेबांसमोर ताठ उभे राहिले. म्हणाले, "मोजणी मे महिन्यात करा साहेब. मग कळंल कुटलं पाणी ऱ्हातंय आन् कुटलं न्हाई." साहेब म्हणाले, मार्चअखेर फाइल बंद व्हायला हवी. सुभेदार म्हणाले, "मग पश्चिमेची बाजू द्या." साहेब म्हणाले, लाँचला बारमाही खोल पाणी लागतं. खरंच लागतं, ते काही खोटं नव्हतं. सुभेदारांनी नकाशा पुढं ओढला. पोलीस त्यांनीच मागितले होते. तो बघत ते म्हणाले, "द्या. पर एक वाक्य घाला. आजाऱ्याची होडी आली की पोलिसांनी लाँच काढून वाट द्यायची. एवढंच एक वाक्य."

ते वाक्य मी घातलं. मसुद्यातली नववी अट. सरकारी मराठीत घातलं, पण घातलं. मसुदा साताऱ्याला गेला, चार टेबलं फिरला आणि परत आला तेव्हा नवव्या अटीवर तांबड्या पेनानं काट मारलेली. शेजारी शेरा: 'पोलीस लोकहितार्थच असतात. सदर अट अनावश्यक. वगळावी.' मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "वरून आलंय ना? मग टाइप करा." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचा सांगलीच्या बदलीचा अर्ज माझ्याकडेच आहे, नाही का?"

मी टाइप केलं. आठव्या अटीनंतर दहावी अट नववी झाली.

सहीच्या दिवशी सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून आले. चष्मा होडीतच राहिला होता. करारनामा हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला आणि मला विचारलं, "आपलं वाक्य हाय न्हवं सांगलीकर?"

साहेब म्हणाले, "सगळं आहे त्यात. करा सही."

सुभेदार माझ्याकडेच बघत होते. त्यांनी साहेबांना विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. मी पान उलटलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी सही केली. दोन महिन्यांत माझी सांगलीला बदली झाली. घरी पेढे वाटले. ते पेढे मी खाल्ले, हेही सांगून टाकतो.

लाँच आली. नारळ फुटला, फोटो निघाले. लाँच काही दिवस फिरली, बाहेरच्या बोटी जरा दबकल्या. सुभेदारांनी मला फोनवर सांगितलं, "काम झालं आपलं." मग लाँचच्या डिझेलची मंजुरी कुठंतरी अडकली आणि लाँच त्या तांबड्या कडीला साखळीनं बांधून उभी राहिली. साखळीला कुलूप. पहिले हवालदार समजूतदार होते. किल्ली संस्थेच्या शेडमध्ये खिळ्याला लावून जायचे. त्यांची बदली झाली. नवीन आलेल्यानं नियम बघितला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. त्याचं तरी काय चुकलं? त्याच्याकडच्या कागदात आजाऱ्याचं एक अक्षर नव्हतं. त्या कागदाची छाननी करणारे, शेरा मारणारे, वगळणारे आम्ही सगळे पंख्याखाली बसलो होतो.

पुढचं मला शंकरनं सांगितलं. मे महिना, दुपारचं ऊन. पलीकडून मंगल नावाच्या पोरीला घेऊन शंकरची होडी निघाली. पहिलं बाळंतपण, मूल आडवं, सुईणीनं हात टेकलेले. होडी किनाऱ्याजवळ आली तर कोपऱ्यात लाँच उभी. हवालदार तीन दिवस म्हसवडकडे बंदोबस्ताला गेलेला, किल्ली त्याच्याबरोबर. बाकी किनाऱ्याला मांडीएवढा चिखल. त्या चिखलातून अवघडलेल्या बाईला उचलून न्यायचं, पाय घसरला तर दोन जीव जायचे. मंगलची सासू होडीत उभी राहून सुभेदारांना हाका मारत होती.

सुभेदारांनी पहार घेतली. शंकर सांगतो, ते धावले नाहीत. चालत गेले, कुलूप एकदा हलवून पाहिलं, आणि तीन घावांत तोडलं. मग लाँचवर चढून बांबूनं ती रेटली. पंचाहत्तरीचा माणूस. लाँच सरकली, वाऱ्यानं भरकटली आणि पुढच्या खडकावर जाऊन आपटली. पंखा वाकला, काच फुटली. होडी पायऱ्यांना लागली. मंगलला वर नेलं, जीप निघाली. दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप.

सुभेदार पुन्हा खाली आले. तुटलेलं कुलूप पुसलं, फडक्यात बांधलं, आणि स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन टेबलावर ठेवलं. म्हणाले, "म्या तोडलंय. लिवून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.

वर्षभरानं मला सांगलीला समन्स आलं. करारनामा मूळ प्रतीसह हजर करा. साताऱ्याच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी उभा राहिलो. समोर सुभेदार, जुना कोट, छातीवर पदकं, बूट चकचकीत. सरकारी वकिलांनी विचारलं, ही जागा करारानं पोलिसांच्या ताब्यात होती का? मी म्हटलं, होती. ही सही आरोपीची आहे का? आहे. तुमच्यासमोर केली? केली. माझ्या पिशवीत तो पहिला मसुदा होता, तांबडी काट मारलेला. मी म्हटलं, "साहेब, मसुद्यात आणखी एक अट..." न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. मी विचारलं तेवढंच सांगितलं. सबंध नोकरीत मी तेवढंच केलं होतं.

आरोपीच्या वकिलानं मला एकही प्रश्न विचारला नाही. त्या मसुद्याची त्याला खबरच नव्हती. मी ती पोचवली नव्हती.

बाहेर आल्यावर मी सुभेदारांना गाठलं, शंकर त्यांच्या सोबत होता. कोर्टाचा जिना उतरताना ते तीनदा थांबले होते, कठडा धरून. मी मसुदा त्यांच्या हातात दिला. या वेळी चष्मा होता. त्यांनी नववी अट सावकाश वाचली, तांबडी काट बघितली, शेरा वाचला. कागद घडी करून मला परत दिला.

"ह्ये तुमाला तवा ठावं हुतं?"

"होय."

"तुमी एक शब्द बोलला असता, तर म्या सही केली नसती."

"साहेब समोर होते," मी म्हटलं. "माझी बदली..."

"म्या साहेबाला इचारलं न्हवतं सांगलीकर."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. निदान मला उलट काही बोलता आलं असतं. मी म्हटलं, गाडी आणलीय, बंदरापर्यंत सोडतो. ते नको म्हणाले. शंकर म्हणाला, "सुभेदार, एसटीच्या गर्दीत धाप लागंल. बसा की." ते बसले. दोन तासांचा रस्ता. मी मागच्या सीटवर भडंगाची पिशवी ठेवली होती. तिला कुणी हात लावला नाही. घाट चढताना ते छातीवर तळहात ठेवून डोळे मिटून होते.

बंदरावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मे महिना संपत आलेला, पाणी पार तळाला. मुद्देमाल म्हणून लाँच दुसरीकडे ओढून नेली होती. कोपऱ्यातली जागा मोकळी होती, तांबडी कडी रिकामी लोंबत होती, आणि वर पायऱ्यांशी पाटी उभी: 'पोलीस हद्द. प्रवेश निषिद्ध.' चौकीला कुलूप. आजूबाजूला अडवणारं कुणी नव्हतं.

शंकर पुढं जाऊन होडी घेऊन आला आणि सरळ त्या पायऱ्यांना लावू लागला.

"तितं कशाला आणतुयास?" सुभेदार म्हणाले. "बाजूला घे."

"आवं सुभेदार, पाटी ऱ्हाऊ द्या तिकडं. बघतंय कोण?"

"पाटीचं न्हाई म्हणत म्या."

"मग? चिखल लय हाय. तुमाला जिना उतरवत नव्हता सकाळी."

"मी काय आजारी हाय व्हय?"

शंकर माझ्याकडे बघायला लागला. मग त्यानं होडी बाजूच्या चिखलाला लावली. सुभेदारांनी एका दगडावर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत खोचले, विजार गुडघ्याच्या वर दुमडली. कोटावरची पदकं काढून खिशात टाकली. मी हात पुढं केला. त्यांनी हात घेतला नाही, बूट मात्र माझ्याकडे दिले, होडीत पोचवायला, आणि चिखलात पाय घातला. एक पाऊल, मग थांबणं. दुसरं पाऊल, मग थांबणं. मांडीपर्यंत काळा चिखल. दहा हातांवर डोहाचं पाणी संथ पडलं होतं. मी बूट घेऊन त्यांच्या मागून चिखलात शिरलो.

होडीत बाजाराहून परतणाऱ्या बायका बसल्या होत्या. कुणी तरी सरकून त्यांना जागा दिली. ते बसले नाहीत. धाप जरा खाली बसेपर्यंत काठ धरून उभे राहिले, मग होडीच्या मागच्या टोकाला गेले. मी बूट ठेवून उतरलो.

पंधरा दिवसांनी शंकरचा फोन आला, पहाटे छातीत कळ येऊन सुभेदार गेले. रात्रीतून त्यांनी कुणाला उठवलं नव्हतं. उठवलं असतं तर पलीकडून दवाखान्यात यायला कडीशी होडी लावावी लागली असती, एवढंच शंकर म्हणाला आणि फोन ठेवला. मसुदा माझ्या कपाटात आहे. त्याची प्रत जोडून मी आता अर्ज लिहायला घेतलेत, नववी अट परत घाला म्हणून. साताऱ्याहून अजून उत्तर नाही. मी लिहीत राहणार आहे.

त्या दिवशी मी चिखलात उभा होतो आणि शंकरनं बांबू रोवला होता. सुभेदारांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. ते मागून पुढं निघाले होते, एकेकीच्या खांद्याला हात लावत. एक, दो, तीन.